निरोप देताना माझं इंग्रजी संपलं

मंडळी, आज दुपारी माझी नात कॅनडाला परत जायला निघाली. घर खायला उठलंय, म्हणून तुमच्याशी बोलत्येय. मी बोलते आणि फोन लिहितो, चुकलं तर त्याला बोला!

तन्वी सात वर्षांची, मराठी येत नाही. म्हणून शेजारच्या शमीमकडून मी इंग्रजी शिकले. कम हिअर, सिट डाऊन, वॉश युवर हॅण्ड्स, ईट स्लोली. पोर घावणे काय खायची हो! नुसते नारळाच्या रसात बुडवून. असो.

"आजी, गुड इंग्लिश!" म्हणाली एकदा. दिवसभर मी हवेत होते.

आज गाडीत बसताना तिने गळ्याला मिठी मारली. "बाय आजी," म्हणाली आणि रडायलाच लागली. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मला सांगायचं होतं, 'बाय' नको गो बाय माझे, 'येते' म्हण. पण त्याचं इंग्रजी कुठून आणू? तोंडातून आलं, "ईट स्लोली."

तिने डोळे पुसत "ओके" म्हटलं. गाडी गेली.

शमीम म्हणाली, "आजी, सगळे हुकूमच शिकलात हो."

खरंच. हात धू, बस, जेव. मायेचा एक शब्द विचारून घ्यायचं सुचलं नाही मला.

'येते म्हण बाळा' हे इंग्रजीत कसं सांगतात, कुणी सांगेल का? शमीमलाही ते नीट जमेना. विमानात बसण्याआधी तिचा फोन येईल. तेवढ्यात पाठ करते.