बंद झालेला कोड

मी आयर्लंडला निघाले त्या दुपारी बाबा एअरपोर्टवर आले नाहीत. विठ्ठलवाडीच्या चाळीसमोर माझी बॅग टॅक्सीत चढवली आणि म्हणाले, "पैसे पाठवायची घाई करू नकोस. आधी नीट जेवत जा." अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते ते. मुलगी नर्स होऊन परदेशी चालली, हे अख्ख्या चाळीला सांगून झालं होतं.

घाई मी केलीच, पहिल्या पगारापासून. परदेशातले पैसे नेमक्या बँकेत पोचायला स्विफ्ट कोड लागतो. बँकेचा पत्ताच म्हणा. तो एकदा भरला आणि मोबाइलमध्ये राहिला. पुढे भावाला नोकरी लागली, माझं पाठवणं थांबलं. त्या काळात आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नवा कोड घे, असं भावाने सांगितलेलं. मी ड्युटीवर होते. हो हो म्हणून फोन ठेवला.

मग बाबांच्या हृदयात ब्लॉकेज निघाले. कल्याणच्या हॉस्पिटलने ऑपरेशनआधी पैसे भरायला सांगितले. मी जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने पाठवले, जुन्याच कोडवर. भाऊ दोन दिवस बँकेत खेटे घालत राहिला. तिसऱ्या दिवशी आयर्लंडमधल्या माझ्या बँकेने कळवलं, तो कोड बंद झालाय, पैसे मधल्याच एका बँकेत अडकलेत. तोवर चाळीने वर्गणी काढली होती. ऑपरेशन दोन दिवस उशिरा झालं. बाबा शुद्धीवर आले नाहीत.

पैसे परत आले ते जलदान विधीच्या दिवशी. मी चाळीत परतून बाबांच्या फोटोसमोर बसलेली, हातातल्या मोबाइलवर मेसेज आला. मी तो कुणाला दाखवला नाही.

दोन दिवस आधी केलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आईनेही कधी विषय काढला नाही. पण मी नर्स आहे. दोन दिवसांत काय काय होतं, ते रोज बघते.

आता खातं आईच्या नावावर आहे. तिला इंग्रजी येत नाही, पण नव्या कोडची अक्षरं तिने पाठ केलीत. दर महिन्याला शाखेत जाऊन कोड तोच आहे ना, हे विचारून येते, मग फोनवर एकेक अक्षर सांगते. माझ्याकडे तो असतोच. तरी मी लिहून घेते.

"बरोबर लिहिलंस ना गं?" ती विचारते.

मी पहिल्यापासून वाचून दाखवते. मग थोडा वेळ ती बोलत नाही, मीही नाही. त्या गप्प बसण्यात बाबा असतात. माझं घर म्हणाल तर आता तेवढंच.