पोस्टरवरची धवलारीण

नेरूळच्या एका बिल्डर कंपनीने 'आपली परंपरा' असा कार्यक्रम ठेवला होता. सोसायटीचा सांस्कृतिक सेक्रेटरी म्हणून मीही त्यात गरज नसताना घुसलो आणि आगरी लग्नांत धवले गाणारी एक धवलारीण शोधून आणली. साठीची बाई, कपाळभर कुंकू, बोलण्याआधी पदर सारखा करायची सवय.

कंपनीने पोस्टरसाठी तिला भाड्याच्या दागिन्यांनी मढवून फोटो काढला होता. छापलेलं पोस्टर टेबलावर पसरलं, तेव्हा दागिन्यांकडे तिने बघितलंही नाही. पदर सारखा करून तिने एवढंच विचारलं, "माजा फोन नंबर कुठं हाय?"

"मावशी, डिझाइनमध्ये बसत नाही," कंपनीची मुलगी म्हणाली.

"मंग लोका मना लग्नाला बोलवतील कशी? तुमचे बिल्डिंगीला फोन करून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या कपाकडे. अर्धा तास हेच चाललं. शेवटी मुलगी वैतागून निघून गेली, तेव्हा मावशीने टेबलावरचं मार्कर माझ्या हातात दिलं. तिला लिहिता येत नव्हतं.

जागा कुठेच नव्हती. फोटोखाली कंपनीचं नाव, त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक. तिने त्यावर बोट ठेवलं. "यो कोनाचा नाव?"

"माझं. संकल्पना माझी आहे ना."

"तू गातंस?"

मी माझ्या नावावर कोरा कागद चिकटवला आणि नंबर विचारला. दहाही आकडे तिने धवल्याच्या चालीत सांगितले. तिचं गाणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.