मामांच्या दुकानातला खरा साइज

मामांचं राजारामपुरीत रेडिमेडचं दुकान आहे. तिथे किस्से जमवावे लागत नाहीत. ट्रायलरूमचा पडदा सरकला की एक बाहेर पडतो. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे बसायला लागले आणि माझं डोकं फिरवलं ते कॉलरमागच्या लेबलानं!

*

एकाच कंपनीचे दोन शर्ट, दोन्ही 'एल'. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका पावण्यांना निळ्याचं बटण लागेना, पांढऱ्यात ते पोहायला लागले. ही फसवणूक आहे, कंपनीला लिहूया, असं मी मामांना म्हटलं. मामा म्हणाले, "पांढरा दे. दोन जेवणं झाली की बसंल."

*

एक शिक्षिका डबल एक्सेलचा कुर्ता हातात घ्यायला तयार नव्हत्या. "मी 'एम'च घालते." दुसऱ्या कंपनीचा 'एम' अगदी बरोबर बसला, खूश होऊन गेल्या. मी आधीच टेप लावून बघितली होती. दोन्ही कुर्ते चव्वेचाळीस इंच!

*

पायरीवर अल्टरेशन करणाऱ्या रसूलचाचांकडे कापलेल्या लेबलांचा डबा आहे. गिऱ्हाईक मागेल ते लेबल शिवून देतात. हे खोटं आहे, असं मी सुनावलं. चाचा मशीन न थांबवता म्हणाले, "खोटं कंपनीनं लिहिलंय बेटी. मी फक्त पसंतीचं लावतो."

*

शेवटी मी मामांशी भांडले. सगळी लेबलं कापायची, प्रत्येक कपडा मोजायचा आणि कॉलरला माझ्या अक्षरात खऱ्या इंचांची चिठ्ठी टाचायची. मामांनी एक महिना दिला. बदलायला येणारे कपडे कमी झाले तर चिठ्ठ्या राहणार, नाहीतर पुन्हा एल, एक्सेल.

आणि कमी झाले की! जोतिबाच्या डोंगरावरच्या एका दुकानदारानं घरातल्या पाचजणांची मापं फोनवर सांगून कपडे मागवले. एकही परत आला नाही. त्या दिवशी मी मामांसमोरून उगाच चारदा गेले.

*

सव्विसाव्या दिवशी मंगळवार पेठेतले एक वस्ताद आले, तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. मोठ्या आजारातून उठून त्या संध्याकाळी पहिल्यांदा तालमीत जाणार होते. सोबत एक शिष्य.

"पन्नास दे पोरी. कायम पन्नासच घालतोय."

पन्नासचे खांदे दंडावर उतरले. अठ्ठेचाळीसचेही. शेहेचाळीस नीट बसला. शिष्य बाहेरच्या रिक्षा बघत राहिला.

वस्तादांनी कॉलर उलटून चिठ्ठी वाचली. शर्ट काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे. फुडच्या म्हैन्यात बघू."

"तालमीचं वो?" शिष्यानं विचारलं.

"ते बी."

मी शर्ट ओढून घेतला. चिठ्ठी चुकीची लागली असेल, परत मोजते, म्हटलं. टेप लावली. जुनी चिठ्ठी काढून नवी लिहून टाचली: पन्नास.

वस्तादांनी ती दोनदा वाचली. शर्ट अंगात घातला आणि तसेच तालमीकडे निघाले.

मामांनी खाली पडलेली शेहेचाळीसची चिठ्ठी उचलली, माझ्यासमोर ठेवली.

"म्हैना भराय अजून चार दिस हाईत की."