शेवटच्या डब्याची फुली

माझ्या मालकीची एक स्पोर्ट्स कार आहे, आणि गेल्या खंडेनवमीपासून मी लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा करतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात. भेटलेला प्रत्येक शेजारी "काय सर, रेस कशी झाली?" असं विचारतो आणि वर पोचेपर्यंत हसतो. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर!

गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची. अप्पा तंजावरचे मराठी, जन्मभर रेल्वेत गार्ड. नीलगिरीतल्या चहामळ्याचा एक गोरा साहेब मायदेशी जाताना ही लाल, दोन सीटची, छप्पर मागे पडणारी विलायती गाडी त्यांच्या गळ्यात मारून गेला, आणि लग्नात अप्पांनी ती माझ्या गळ्यात मारली. (त्याच मांडवात मला सुधाही मिळाली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तुम्ही गाडीकडे बघताय, असं ती अजून म्हणते. फोटो बघितले तर तसं दिसतं खरं.)

मी सांगलीचा, बँकेच्या बदलीवर चेन्नईला आलो आणि इथलाच झालो. सांगलीला दादाकडे एक फटफटी होती, तिच्यापुढे मला कोण विचारणार? त्यामुळे गाडी मिळाल्यावर मी दादाला फोनवर सांगायला लागलो, "दादा, बंदूक आहे रे बंदूक! पाय ठेवायचा अवकाश, सुटलीच!" सुटायची म्हणजे काय, तर दर रविवारी तांबरम स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानापर्यंत सुटायची आणि परत यायची. वाटेत सायकलवाले पुढे निघून जायचे. पण ते ट्रॅफिकमुळे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुधानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. पांढरी, उंच, चार दारांची. आवाज नाही, वास नाही, गिअर नाही. मी तिला गाडी मानायलाच तयार नव्हतो. पण अडचण अशी की आमच्या अपार्टमेंटमध्ये एका फ्लॅटला छपराखालची एकच जागा, आणि चार्जिंगचा प्लग नेमका त्याच जागेच्या भिंतीवर. तिथं माझी लाल गाडी कव्हर पांघरून झोपलेली असायची. सुधाची गाडी बाहेर, चेन्नईच्या उन्हात. तिला चार्ज करायला चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडावी लागायची! एकदा मी चटणीसाठी मिक्सर लावला आणि फ्यूज उडाला. सकाळी गाडी अर्धपोटी, सुधा शाळेत उशिरा आणि चटणीही अर्धवट वाटलेली.

त्या संध्याकाळी तिनं विषय काढलाच.

"अहो, छपराखालची जागा मला हवी. माझी गाडी रोज चालते. तुमची रोज नुसती पुसली जाते."

"सुधा, ती स्पोर्ट्स कार आहे! ती उन्हात ठेवायची?"

"आणि माझी राहते ती?"

"तुझी काय, घरगुती गाडी."

हा 'घरगुती' शब्द तोंडातून निघाला आणि मला लगेच कळलं की तो निघायला नको होता. सुधानं हातातल्या गणिताच्या वह्या खाली ठेवल्या.

"घरगुती? लावा शर्यत. सरळ रस्त्यावर, उभ्या जागेवरून. जी आधी पोचेल ती छपराखाली. कायमची."

आमची कन्या इरा शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिचं मराठी गरजेपुरतंच. ती घाबरून म्हणाली, "बाबा, प्लीज नको. जुनी स्पोर्ट्स कार दिसायला फास्ट असते. आताची साधी फॅमिली कारपण तिला स्टार्टलाच मागे टाकते. आणि अम्माची तर इलेक्ट्रिक! चान्सच नाही, पा!"

"इरा, माझ्या इंजिनाचा आवाज ऐकलायस कधी?"

"ऐकलाय ना बाबा. आवाजच तर ऐकलाय."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दादाला फोन लावून शर्यतीची बातमी दिली. हे करायची काही एक गरज नव्हती!

तांबरमहून श्रीपेरुंबुदूरकडे जाताना एक लेआउट लागतं. प्लॉट आखलेत, रस्ता झालाय, दिवे आलेत, घर मात्र एकही नाही. रस्ता सरळसोट, मध्ये थोडा चढ, आणि चढापलीकडे दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. टाकीपर्यंत जायचं ठरलं. दिवस खंडेनवमीचा, म्हणजे इथली आयुधपूजा. गाड्यांची पूजा तशीही करायचीच होती.

मी चामड्याचे हातमोजे आणि कानावर येणारी टोपी घालून गेलो. घामानं मोज्यांच्या आत तळं झालं होतं, पण थाट म्हणजे थाट. सुधा सुती साडीत आली. मागच्या सीटवर तिनं लिंबूभाताचा मोठा डबा ठेवला होता आणि त्याला सीटबेल्ट लावला होता!

इरा मोबाइल घेऊन टाकीपाशी जाऊन उभी राहिली. सुरुवात करून द्यायचं काम अप्पांचं. त्यांनी पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर, म्हणजे इथल्या धोतरावर, जुना रेल्वेचा कोट चढवला होता, आणि ट्रंकेतून हिरवा-लाल बावटा आणि शिट्टी बाहेर काढली होती. आधी त्यांनी दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं, कोहळा ओवाळून फोडला, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे आठही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी लिंबू चिरडून निघाली की सगळी इडापिडा टळते. मग त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. ते मला 'माप्पिळ्ळै' म्हणतात, म्हणजे जावई.

"माप्पिळ्ळै, नुसती शिट्टी ऐकून निघायचं नाही. हिरवा बावटा बघायचं, मग निघायचं. सेरी?"

"सेरी, अप्पा."

"आणि शेवटचा डबा माझ्या समोरनं जाईपर्यंत मी बावटा खाली करत नाही. आमचा नेम आहे तो."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. गार्डाचं बोलणं नीट ऐकावं, हे मला आता पटलंय.

मी चोक ओढला आणि इंजिन सुरू केलं. काय ती गर्जना! प्लॉटांवरचे बगळे उडाले. बाजूला सुधाची गाडी सुरू आहे की बंद, कोणाला कळायला मार्ग नाही. मी तिच्याकडे बघून जरासा हसलो आणि अॅक्सिलरेटर दाबून आणखी दोन गर्जना केल्या. त्याबरोबर मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. वाराही नेमका मागूनच येत होता. छप्पर मी शोभेसाठी उघडं टाकलेलं! सगळा धूर आत, माझ्या तोंडावर. डोळे मिटले, ठसका लागला, खोकून खोकून टोपी नाकावर आली. त्यातच कुठंतरी शिट्टी वाजली.

टोपी वर केली, डोळे पुसले. धुरातून बघतो तर अप्पा हिरवा बावटा हलवतायत. आत्ताच दाखवला! मी क्लच सोडला आणि निघालो.

आणि मंडळी, काय सांगू तुम्हाला तो वेग! बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर. स्टिअरिंग थडथडतंय, दारं खडखडतायत, दात एकमेकांवर आपटतायत, वारा कानात शिरतोय. टोपी उडाली. मी ओरडलो, "दादा, बघ रे!" (दादा सांगलीत होता.) आरशात बघितलं. आरसा इतका हलत होता की रस्ता आणि आभाळ एक झालं होतं, पण त्यात पांढरी गाडी कुठेच नव्हती. उजवीकडे बघितलं, नाही. डावीकडे बघितलं, नाही. मग चढ लागला, गाडीचं लांबलचक नाक वर गेलं आणि समोर दिसायला नुसतं आभाळ उरलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुधा निघालीच नव्हती!

आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? पण मग शंका आली. गाडी चार्ज झाली नसेल का? आदल्या रात्री मी पुन्हा मिक्सर लावला होता. बिचारी तिथं उन्हात अडकून बसली असेल, अप्पांसमोर, तोंड एवढंसं करून. इतकी वर्षं संसार केला आणि आज मी तिला भर रस्त्यात टाकून पळतोय? एका पार्किंगसाठी? छे! जिंकणं तर काय, जिंकल्यातच जमा होतं. मी चढाच्या माथ्याला लागता लागता गाडी हळू केली, मोठ्या मनानं हात हलवला (कोणाला, ते मलाही माहीत नाही) आणि गाडी वळवून बायकोला सोडवायला परत निघालो.

अप्पा बावट्याची घडी घालत होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"अय्यो! परत का येऊलालेत, माप्पिळ्ळै?"

"सुधा कुठंय?"

"सुधा? ती केव्हाच गेली की ओ. तुम्ही खोकत होते तेव्हा."

"गेली? मग तुम्ही बावटा कशाला हलवत होतात?"

"तुमच्यासाठी. तुम्ही राहिले होते ना. शेवटचा डबा!"

त्यांनी खाली बोट दाखवलं. सुधाच्या चाकांखालची चारही लिंबं पापडासारखी सपाट झाली होती. माझी लिंबं माझ्या गाडीनं नुसती बाजूला ढकलली होती. त्यातलं एक तर अप्पांनी उचलून, पुसून खिशात टाकलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सुधा.

"अहो, आहात कुठे? आम्ही पानं मांडलीयत. गाडी बंद पडली का?"

तोपर्यंत पडली नव्हती. पण बहुधा गाडीनं ऐकलं असावं, कारण बोनेटखालून फुस्स असा आवाज आला, वाफेचा एक ढग निघाला आणि इंजिन बंद झालं ते झालंच.

पांढरी गाडी इतकी गुपचूप येऊन शेजारी उभी राहिली की मी दचकलो. इरा पोट धरून हसत उतरली. तिनं व्हिडिओ दाखवला. आधी सुधाची गाडी सुर्रकन टाकीपाशी येते. सुधा उतरते, पदर सारखा करते, डबा काढते. त्यानंतर बऱ्याच वेळानं चढावर एक लाल नाक उगवतं, एक हात राजासारखा हलतो, आणि नाक वळून परत जातं! इरा तो भाग पुन्हा पुन्हा लावत होती. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सुधा मात्र हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

"परत का फिरलात?"

"तू अडकलीस असं वाटलं," मी बुटांकडे बघत म्हणालो. "तुला न्यायला आलो होतो."

तिनं डिकी उघडून जाडजूड दोर काढला.

"हा कधी आणलास?"

"सकाळीच. अहो, गणित शिकवते मी."

माझी गाडी तिच्या गाडीला बांधली. अप्पांना आम्ही एसीत बसायचा आग्रह केला, पण छे! "गार्ड शेवटच्या डब्यातच बसतो," म्हणाले. आणि बसण्याआधी पूजेच्या ताटातली उरलेली हळद कालवून त्यांनी माझ्या लाल गाडीच्या पाठीवर भलीमोठी पिवळी फुली काढली! रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर असते तशी. ती फुली दिसली की स्टेशनवाले समजतात, अख्खी गाडी आली, मागं काही सुटलं नाही.

"अप्पा, हे कशाला?"

"नेम आहे, माप्पिळ्ळै."

वरात निघाली. मागून केळीचे खांब बांधलेली कुठल्याशा कारखान्याची बस आली. पाळी संपवून घरी निघालेली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांत जमा झाली आणि त्यांनी अशा शिट्ट्या मारल्या की अप्पांनाही मान्य झाल्या. मी सीटमध्ये आणखी खाली सरकलो. पण ती गाडी अशी बांधलेली की कितीही सरकलं तरी डोकं दिसतंच.

"सावकाश, माप्पिळ्ळै!" अप्पांनी दार घट्ट धरलं. "हे गाडी एवढं जोरात कधी धावलं नाही!"

"मी चालवत नाहीये, अप्पा! पण तुमच्या हातात असताना तरी जोरात जायची ना?"

"कुठं ओ! चेंगलपट्टूच्या रस्त्यावर मी बैलगाडीला साइड दिली आहे. म्हणून तर तुम्हाला दिली."

"म्हणजे?"

"एकुलती मुलगी देत होतो. तरुण जावई, नवीन गाव. म्हटलं, हे गाडी असलं तर कुठं जोरात जाणार? त्या दिवसापासून मी निवांत झोपतो."

इतकी वर्षं मी जिला बंदूक म्हणत होतो, ती सासऱ्यांनी माझ्या पायात घातलेली बेडी होती. आणि लाजेनं कान तापले होते तरी म्हाताऱ्याचा राग काही येईना.

घर आलं. सुधानं गाडी झोकात वळवली आणि छपराखाली नेऊन भिंतीवरच्या प्लगपाशी उभी केली. तिच्यामागे दोर जिथं संपला तिथं माझी गाडी थांबली: बाहेर, उन्हात, कावळ्यांच्या झाडाखाली. वाद घालायलाही जागा उरली नाही. अप्पा उतरले, मागची फुली नीट बघून घेतली आणि वॉचमनला हिरवा बावटा दाखवला. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या.

संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय रे, शर्यतीत कितवा आलास?"

"दुसरा," मी म्हणालो.

"अरे वा! शाब्बास! या वयात दुसरा म्हणजे गंमत नाही. गाड्या किती होत्या?"

"दादा, आवाज तुटतोय," असं म्हणून मी फोन ठेवला आणि ओलं फडकं घेऊन फुली पुसायला जिन्यानं खाली उतरलो. तिथं सुधा आधीच गाडी चार्जिंगला लावत उभी होती. ती लिफ्टनं आली होती.