सासरवाडीतली घड्याळं

शाळेत मी गेल्तो, पन कौलं शाकारायला. त्यामुळं घड्याळ बघायचं मला कळत नव्हतं, आन आमच्या साखर कारखान्यात घड्याळं बसवायचं काम नेमकं मलाच मिळालं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं साल असंल. कारखाना माझ्या सासरवाडीच्या शिवारात. मी घरजावई, कारखान्यात तारा वढायला रोजंदारीवर. हापिसात एक मोठं घड्याळ आनलं हुतं. बाकीची घड्याळं भिंतीवर टांगून तारंनं त्याला जोडायची. मोठ्यानं मिन्टाला झटका दिला की सगळ्यांचे काटे एकदम सरकायचे.

वीजवाले साहेब म्हनले, "सगळ्यांचे दोन्ही काटे बारावर ठेव. बाराला चेअरमन नारळ फोडतील आन मी मोठं चालू करीन. नीट जमलं तर तुला कायम करतो, चाळीत खोली बी देतो."

खोली म्हनल्यावर बायकोनं चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची ते सुदिक ठरवलं. लगीन झाल्यापासनं आमचा संसार सासऱ्याच्या पडवीत, शेळीच्या शेजारी. शेळीचा मान जरा जास्त.

काटे बारावर ठेवायला अक्कल लागत न्हाई, नमस्कार केल्यावानी दोन्ही हात वर. पयलं गेटावर टांगलं. तिथला हजेरीवाला खालनं म्हनला, "दाजी, आमचं जरा मागं ठिवा की. पोरं पळत येत्यात, कशाला कुनाचा खाडा मांडायचा?"

बायकोच्या गावात जो भेटंल त्यो मेव्हना. न्हाई म्हनावं तर दिवस मावळायच्या आत सासूच्या कानावर. ठेवलं मागं.

ऊस तोलायच्या काट्यावर गेलो तर तिथला बाबू तयारच. "गेटाचं ऐकलं, आमी काय सवतीची लेकरं व्हय? आमचं पुढं करा दाजी, पाळी लवकर सुटंल." केलं पुढं. गोदामवाला बिचारा काईच म्हनला न्हाई. त्याला मीच इचारलं, "तुमचं कसं ठिवू?"

मला वाटलं, एकदा चालू झालं की मोठं घड्याळ कान धरून सगळ्यांना सारखं करील.

नारळ फुटला. झटका बसला. सगळे काटे सरकले, ज्येच्या त्येच्या जागेवरनं. चेअरमन गेट, काटा, गोदाम फिरून आले आन मनगटाकडं बघत म्हनले, "साहेब, हा कारखाना एकच हाय का तीन?"

साहेबांचं तोंड उतरलं. "कुनी सांगितलं रं तुला असं करायला?"

मी हजेरीवाल्याकडं बघितलं, त्यो टोपी झटकत हुता. काट्यावरचा म्हनला, "दाजी आमचे पयल्यापासनं हौशी."

मला येवढंच सुचलं, "साहेब, मला घड्याळ कळत न्हाई."

चेअरमन हसले, मंग सगळी हसली. सगळी हसल्यावर आपुन गप कसं बसावं, म्हनून मी बी हसलो. साहेब तेवढे हसले न्हाईत. "शिडी ठेव खाली," म्हनले. खोली भिंगारच्या एका वायरमनला दिली.

घरी गेलो तर बायको दारातच. "किल्ली?"

"न्हाई मिळाली."

"मंग बाबाला तुमीच सांगा."

सासरा पडवीत सुंभ वळत हुता. म्हनलं, "मामा, अजून थोडे दिस..."

"ऱ्हावा की जावईबापू, कुनी घालवलंय का तुमाला?"

लई मायेनं म्हनला त्यो. त्ये ऐकून बायको तोंडाला पदर लावून आत गेली. तिच्या मागं जावं तर आत सासू. मी तिथंच बसलो आन सुंभाचं दुसरं टोक धरलं.