मॅडमची शिक्षा

"आपकी शिक्षा कितनी हुई?" नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोने, म्हणजे मॅडमनी, कंपनीच्या टाउनशिपच्या क्लबात सगळ्यांदेखत विचारलं. मी भोपाळला नवी होते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे माझ्यासारख्या चौथी पास बाईला कुठून कळणार? मी म्हटलं, "मैंने क्या गुनाह किया?" बायका हसून लोळल्या. तेव्हापासून मॅडम मला 'मुजरिम' म्हणायच्या.

क्लबात कराटेच्या मारामारीचं व्हिडिओ गेमचं मशीन होतं. रोज दुपारी जाऊन मी हात बसवला. एका रविवारी मॅडम माझ्या जोडीला खेळायला आल्या. सगळे गुंड मेले की त्या खेळात उरलेल्या दोघांना एकमेकांशी लढावं लागायचं.

"छोड़ो भी, मुजरिम," त्या हसत म्हणाल्या.

"शिक्षा तो लेनी पड़ेगी, मॅडम," म्हणत मी बटण दाबून त्यांच्या खेळाडूला लाथ घातली.

आज नातीच्या फोनवर तोच खेळ दिसला. त्या लाथेचं मला अजूनही वाईट वाटत नाही. त्या रविवारी शेवटी पडद्यावर मी एकटीच जिवंत होते.