पिंजऱ्याचं कुलूप

कमलला चहा दिला की ती कप माझ्याकडे सरकवायची. "तू घे आधी." मी घोट घ्यायची, मला काही झालं नाही हे ती बघायची, मग स्वतः प्यायची. हिंदी मुलखात, महाराजपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. दोघींचे नवरे खमरियाच्या कारखान्यात एकाच पाळीला जात. एवढ्या वर्षांत मी विष घातलं नव्हतं, पण तिला ते पुरेसं नव्हतं. "आजवर नाही घातलं म्हणून काय झालं?"

दूधवाला, गॅसवाला, देवळातला पुजारी, तिच्या मते सगळेच काही तरी करून राहिले होते.

तिचा नवरा गेला. मुलगा बंगळूरला गेला आणि जाताना नातीच्या दोन जर्बिल, दोन्ही माद्या, हिच्या गळ्यात मारून गेला. जर्बिल म्हणजे उंदराच्याच जातीतला जीव, फक्त शेपूट केसाळ, टोकाला गोंडा. मला किळस यायची. कमल त्यांच्याशी तासन्‌तास बोलायची. जगात तिचा भरवसा त्या दोघींवरच होता.

एक दिवस धाकटीच्या पाठीवर टक्कल दिसलं. कमलने मला हाक मारली.

"पाहा. कोणी तरी काही लावून राहिलं हिला."

"खरूज असेल."

"खरूज नाही. रामकली आहे."

रामकली तिच्याकडे फार वर्षं झाडू-भांडी करायची. पिंजऱ्यात टाकायला पुठ्ठ्याचे तुकडे, पेरूच्या डहाळ्या तीच आणायची. "काहून आणते ही? फुकटात कोण काही आणते का?" कमलने ते सगळं फेकून दिलं. पिंजऱ्याला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

टक्कल वाढलंच. मग तिने रामकलीला काढलं. नुसतं काढलं नाही, गल्लीत उभं राहून सांगितलं की ही मुक्या जिवाला विष घालते. संध्याकाळपर्यंत बाकीच्या घरांनीही रामकलीला नको म्हटलं. जाताना ती एवढंच बोलली, "अम्मा, चूहे से हमारी का दुश्मनी?"

रामकली गेली, कुलूप तसंच राहिलं, आणि धाकटी अर्धी उघडी पडली. आता घरात येणारी मी एकटीच होते. कमल माझ्या हातांकडे बघायला लागली.

"तुझ्या उंदराच्या केसांची मी काय रजई भरू?" मी म्हटलं. "चल डॉक्टरकडे."

ओमती नाल्याजवळच्या जनावरांच्या डॉक्टरने धाकटीला भिंगाखाली धरलं. किडा नाही, खपली नाही, कातडी साफ. केस गळलेले नव्हते, कातरल्यासारखे आखूड झाले होते. त्याने तिला पिंजऱ्यात परत सोडलं. मोठी लगेच तिच्या पाठीवर चढली आणि आमच्या देखत केस कुरतडू लागली.

"कुतरने को कुछ देती हैं, अम्मा? पुट्ठा, लकड़ी?"

"वो सब मैंने फेंक दिया," कमल म्हणाली.

"दाँत तो इनके चलेंगे ही. कुछ नहीं मिलेगा तो बहन को कुतरेंगी."

ऑटोत बसल्यावर कमल म्हणाली, "म्हणजे मी चोराला आत घालून कुलूप लावलं."

"हो," मी म्हटलं. "आता रामकलीचं काय?"

तिने ऑटो तिथूनच रामकलीच्या घराकडे वळवायला लावला. रामकलीने बसवलं, चहा पुढे ठेवला. कमलने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात मांडीवरून हलवला नाही. तिने कप उचलला आणि सगळा चहा प्यायली. "गलती हमारी थी, रामकली. मुहल्ले में मैं खुद बोलूँगी."

आणि बोलली. दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं, केस मोठीने कुरतडले, रामकलीने नाही. लोक तोंडावर हसले. ती ऐकून घेत उभी राहिली. रामकलीला सगळी घरं परत मिळाली. कमलकडे मात्र ती आली नाही. "आपका भरोसा नहीं, अम्मा," म्हणाली. पुठ्ठ्याचे तुकडे तेवढे दारात टाकून जायची. धाकटीला केस परत आले.

मागच्या थंडीत कमल गेली. शेवटी शेवटी तिला उठवतही नव्हतं. मी चहा नेला तर कप माझ्याकडे सरकवला. "तू घे आधी."

"रामकलीकडे तर बरी गटागटा प्यायलीस."

"तिथं गुन्हा माझा होता," कमल म्हणाली. "तुझं अजून काही ठरलं नाही."

मी घोट घेतला आणि कप तिच्या हातात दिला.